हे खरे आहे काय?

बुलढाणा जिल्ह्यात नवखा माणूस भेटला की त्याला पहिला प्रश्न विचारतात, 'घाटावरचे की घाटाखालचे?' नाव, पेशा, सोयरीक हे सारे मागाहून. आमच्या रोहिणखेडच्या माणसाला मात्र या प्रश्नाचे उत्तर देताना क्षणभर थांबावे लागते. हिशेबाने आम्ही घाटाखालचे. पण घाट आमच्या दाराशीच सुरू होतो. बऱ्हाणपुराकडून दक्षिणेत जाणारी जुनी वाट याच ठिकाणी अजिंठ्याच्या डोंगराला भिडते आणि वर चढू लागते. चढणीपूर्वी बैलांना जशी विश्रांती द्यावी लागते, तशी ती फौजांनाही द्यावी लागत असे. म्हणून आमच्या लहानशा गावाच्या नशिबी इतिहास आला.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर लढायांच्या हकिकती फारशा गोड लागत नाहीत, हे मला ठाऊक आहे. दोनच सांगतो. १४३७ साली खानदेशचा नसीरखान फारुकी आणि बहामनी सुलतानाचा सरदार खलफ हसन बसरी यांची इथे गाठ पडली. कारण ऐकाल तर अगदी घरगुती. नसीरखानाची लेक बहामनी सुलतान अलाउद्दीन अहमदाला दिलेली. सुलतानाची मर्जी दुसरीवर गेली, लेकीने माहेरी गाऱ्हाणे नेले, आणि बाप फौज घेऊन वऱ्हाडात उतरला. बापाचा पराभव झाला. पुढे दीडशे वर्षांनी, १५९०-९१च्या सुमारास, अहमदनगरच्या गादीसाठी दुसरी लढाई इथेच झाली. तिथे तर बापच पोराविरुद्ध उभा! बुऱ्हाण निजामशहा गादी मागत होता आणि गादीवर होता त्याचाच लहान मुलगा इस्माईल. सारा कारभार जमालखान या महदवी पंथाच्या सरदाराच्या हाती. जमालखान इथे मारला गेला आणि बापाने पोराची गादी घेतली. त्याच्या काही वर्षे आधी, १५८२ साली, खुदावंदखान महदवी याने बांधलेली मशीद गावात आहे. लहानशी, पण देखणी.

मी मास्तर माणूस. एकदा चौथीच्या मुलांना घेऊन मी त्या मशिदीपाशी गेलो आणि या दोन्ही लढाया मोठ्या आवेशाने सांगितल्या. तलवारी चालल्या, हत्ती आले, घोडे उधळले. सांगून झाल्यावर नेहमीप्रमाणे म्हणालो, "कोणाला काही विचारायचे आहे का?" मागे बसलेली एक सावळी मुलगी उठली आणि म्हणाली,

"गुर्जी, एवढे घोडे आले होते तं त्याईनं चारा कोनाचा खाल्ला?"

मुले हसली. मी हसलो नाही, कारण मला उत्तर देता आले नाही. तवारिखकारांनी सरदारांची नावे लिहिली, कोण कोणाच्या हातून पडला ते लिहिले. पण लढाईच्या आदल्या रात्री कोणाच्या गंजीतला कडबा गेला, कोणाची बैलगाडी वेठीला धरली आणि त्याचे दाम कोणी चुकते केले, हे त्यांत सापडायचे नाही. कुणब्याला ते विचारण्याची सोय नव्हती. ज्याच्या हाती तलवार, त्याला हिशेब कोण मागणार?

मी काही इतिहासाचा पदवीधर नव्हे. कादंबऱ्या लिहितो आणि मुलांना शिकवतो. पण त्या दिवसापासून मला एक नाद लागला. राजांना आणि मंत्र्यांना प्रश्न विचारण्याची सोय माणसाने केव्हा आणि कशी मिळवली, याचा शोध मी घेऊ लागलो. त्या नादातून जे हाती आले, आणि त्या निमित्ताने माझ्याच आयुष्यातले जे एक जुने पान पुन्हा उघडले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

*

विलायतेच्या पार्लमेंटात मंत्र्याला विचारलेला पहिला नोंदलेला प्रश्न १७२१ सालचा आहे आणि तो पैशांचाच आहे. साऊथ सी कंपनी नावाचा मोठा फुगा फुटला होता, हजारो लोक धुळीस मिळाले होते आणि कंपनीचा खजिनदार नाइट देशाबाहेर पळाला होता. लॉर्डांच्या सभेत अर्ल काउपर उभा राहिला आणि त्याने विचारले, तो पळालेला इसम ब्रसेल्सला पकडला गेल्याची बातमी आहे, ती खरी आहे काय? तीनशे वर्षे होऊन गेली, पण प्रश्नाचे शेपूट बदलले नाही. आमच्या विधानसभेच्या छापील यादीतही प्रत्येक प्रश्न तसाच विचारला जातो, 'हे खरे आहे काय?'

हिंदुस्थानात मात्र ही सोय यायला फार काळ लागला. १८६१च्या कायद्याने कौन्सिले निघाली, त्यांत काही हिंदी गृहस्थही बसू लागले. पण सरकारने आणलेल्या कायद्याखेरीज दुसरा शब्द त्यांनी काढायचा नव्हता. प्रश्नाची परवानगी मिळाली ती १८९२च्या कायद्याने. तीही कशी? आधी नोटीस द्यायची, सरकारचे उत्तर ऐकायचे आणि खाली बसायचे. उत्तर अपुरे असले, खोटे असले, तरी त्यावर उपप्रश्न नाही. अंदाजपत्रकावर बोलायचे, पण मत द्यायचे नाही. आपल्या घरच्या हिशेबाची वही शेजाऱ्याने वाचून दाखवावी आणि आपण माना डोलवाव्यात, त्यातला हा प्रकार.

आणि तरीही, वाचकहो, त्या अर्ध्या उघडलेल्या दारातून पहिला प्रश्न कोणता आत गेला असेल? फेब्रुवारी १८९३ मध्ये वरिष्ठ कौन्सिलात अयोध्या प्रांतातल्या भिनगा संस्थानचे राजे उभे राहिले. त्यांनी ना राज्याचा प्रश्न विचारला, ना मानमरातबाचा. त्यांनी विचारले ते असे: सरकारी अधिकारी दौऱ्यावर निघाले की त्यांच्या छावण्यांना शिधासामग्री पुरवावी लागते, त्यापायी खेड्यांतल्या दुकानदारांना जो जाच होतो, त्याचे सरकार काय करणार आहे?

हे वाचले तेव्हा मला आमची ती चौथीतली मुलगी आठवली. घोड्यांनी चारा कोणाचा खाल्ला? रोहिणखेडच्या पायथ्याशी जो प्रश्न चारशे-पाचशे वर्षे कोणी तोंडावर आणला नव्हता, तोच हिंदुस्थानच्या कौन्सिलातला पहिला प्रश्न ठरला. साहेबाचा तंबू पडला की गावातले दूध, अंडी, कोंबड्या, गवत आणि सरपण तिकडे जाई. दाम मिळाले तर मिळाले, आणि मिळाले तरी ते मधल्या चपराशाच्या बोटांतून गळून येत. हा जाच खेडोपाडी सर्वांना माहीत होता. पण माहीत असणे वेगळे, आणि सरकारच्या तोंडावर तो छापील कागदात विचारला जाणे वेगळे.

*

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही? २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी वरिष्ठ कौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार सांगत होते, तिजोरीत शिल्लक आहे, म्हणजे देश सुखी आहे. गोखल्यांनी आकडे मांडून दाखवले की दोन दुष्काळांनी रयत मोडली असताना तिजोरीत पडलेली शिल्लक हे सुबत्तेचे लक्षण नसून जास्त कर घेतल्याचा पुरावा आहे. मिठावरचा कर मणाला अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपयावर आला. ते सारे एकट्या गोखल्यांचे श्रेय असे मी म्हणणार नाही. पण वर्षामागून वर्षे तेच बोट त्याच आकड्यावर ठेवणारा माणूस समोर बसला असला म्हणजे सरकारलाही तो आकडा लपवता येत नाही.

गोखले स्वतः मास्तर होते, याचा आम्हां मास्तरांना अभिमान. पण त्यांच्यामागे दुसरा एक मास्तर होता, त्याचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. गणेश व्यंकटेश जोशी. सोलापूरच्या सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर. दिवसा मुलांना शिकवावे आणि रात्री दिव्याखाली सरकारी अहवाल, सारावसुलीचे तक्ते, रेल्वेचे हिशेब वाचून टिपणे काढावीत, हा त्यांचा क्रम. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले विलायतेला गेले, त्या साक्षीच्या तयारीत जोश्यांच्या आकड्यांचा मोठा वाटा होता. कौन्सिलातल्या भाषणांसाठीही गोखले त्यांच्याकडे पत्रे लिहून माहिती मागत. जोशी सरकारी नोकर. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांचे लेख त्यांच्या नावाशिवाय छापले जात. भाषण कलकत्त्याला होई, टाळ्या गोखल्यांना मिळत, आणि सोलापूरचा हेडमास्तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गावर जाई.

याच गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. १९१२च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. प्रश्न विचारणाऱ्याला हारही पचवावी लागते. त्या बिलातली गोष्ट देशाच्या कायद्यात यायला २००९ साल उजाडले.

*

वऱ्हाडची कथा याहून वेगळी. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपये खंडणीवर तो कायमच्या पट्ट्याने दिला, आणि पुढच्याच साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले. कापूस आमचा, सारा आमचा, पण मालक हैदराबादला, कारभारी नागपूरला आणि धनी लंडनला! अशा घरात हिशेब मागायचा तरी कोणाकडे? अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर आणि दादासाहेब खापर्डे यांच्यासारखी माणसे वरिष्ठ कौन्सिलात पोचली. नागपूरला प्रांताचे कौन्सिल भरू लागले ते १९१४ पासून. पण कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड ब्रिटिश मुलूख नव्हता. तेव्हा वऱ्हाडच्या मतदारांनी निवडून दिलेला माणूससुद्धा कागदावर 'सरकारनियुक्त' म्हणून बसे. लग्न आपण लावायचे आणि पत्रिकेवर नाव दुसऱ्याचे, असे ते होते.

१९१९च्या कायद्याने 'मंत्री' आला. त्याबरोबर कोणाही सभासदाला उपप्रश्न विचारण्याचा हक्क आला. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही खाती मंत्र्यांकडे. जमाबंदी, पोलीस आणि मुख्य म्हणजे तिजोरीची किल्ली गव्हर्नरच्या माणसांकडे. म्हणजे सभासदाने विचारायचे, 'आमच्या गावी शाळा का नाही?' आणि मंत्र्याने म्हणायचे, 'शाळा माझी, पण पैसा माझा नाही.' ज्याच्याकडे विचारायचे त्याच्याकडे द्यायला काही नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याला जाब द्यायचा नाही, असा हा दुहेरी संसार.

नागपूरच्या कौन्सिलाने त्यावर जे केले ते साऱ्या देशात गाजले. १९२३च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले. डॉक्टर मुंजे आणि राघवेंद्रराव ही त्यांतली पुढारी मंडळी. मार्च १९२४ मध्ये त्यांनी सरकारच्या मागण्या एकामागून एक फेटाळल्या आणि मंत्र्यांचा पगार ठरवला, वर्षाला दोन रुपये! मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी त्यांची खाती आपल्याकडे घेतली.

ही हकिकत मी वर्गात सांगतो तेव्हा मुले खदखदून हसतात. मलाही ती आवडते. दोन रुपयांत सरकारची सारी ऐट उतरवली. पण मास्तराची खोड अशी की हसू ओसरल्यावर पुढचा प्रश्न मनात येतो. त्या वर्षी गावच्या शाळेचे काय झाले? विहिरीचे, दवाखान्याचे काय झाले? मंत्र्याची खुर्ची रिकामी करणे हा मोठा पराक्रम खरा. पण रिकाम्या खुर्चीला कोणी प्रश्न विचारू शकत नाही. तेव्हा विचारण्याचे दोन मार्ग असतात आणि दोन्ही लागतात. एक, सत्तेचा पायाच हलवणारा. आणि दुसरा, कंटाळवाणा, चिकाटीचा, 'अमुक गावच्या अमुक कामाचे पैसे कुठे गेले' असा रोज विचारण्याचा.

या दुसऱ्या मार्गाचा एक उत्तम दाखला मुंबईच्या कौन्सिलात सापडतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत. ठराव पास झाला, सरकारचे हुकूम सुटले. गावोगाव ते हुकूम दप्तरात पडून राहिले. तेव्हा १९२६ साली बोल्यांनी पुढचे पाऊल टाकले. ज्या नगरपालिका आणि लोकलबोर्डे हा ठराव पाळणार नाहीत त्यांचे अनुदान थांबवा! पैशाची नाडी कुठे असते हे त्यांनी अचूक ओळखले. महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता; पण कागदावरचे पाणी कोणाची तहान भागवीत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्यायले. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. कौन्सिलातला एक ठराव आणि तळ्यातली एक ओंजळ, यांच्यामध्ये केवढे अंतर असते पाहा! आणि तरीही त्या ओंजळीमागे तो ठराव होता, हे विसरून चालत नाही.

*

स्वातंत्र्य आले. नागपूर काही वर्षे मध्यप्रदेशाची राजधानी राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड-नागपूर मुंबई राज्यात आले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला भरू लागले. तेव्हापासून बहुतेक दर हिवाळ्यात, संत्र्यांच्या मोसमात, सारे सरकार नागपूरला येते. आणि आमच्या भागातली माणसे मलकापूरला गाडीत बसून, पिशवीत भाकरी आणि खिशात अर्ज घालून तिकडे निघतात.

विधिमंडळाच्या कामात प्रश्नोत्तराचा तास हा मला सर्वांत गोड वाटतो. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचे उत्तर नुसते छापून येते. शिवाय लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे, कपात सूचना आहे. एखाद्या खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करा, अशी सूचना मांडून सभासद आपल्या तालुक्याचे गाऱ्हाणे सांगतो. शंभर रुपयांनी खात्याचे काही बिघडत नाही. पण ते शंभर रुपये म्हणजे १९२४च्या दोन रुपयांचे शहाणे झालेले नातवंड आहे.

साधा प्रश्न काय करू शकतो, हे देशाने १९५७ साली पाहिले. आयुर्विमा महामंडळाने मुंध्रा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली, ती का, असे लोकसभेत विचारले गेले. फिरोज गांधींनी ते प्रकरण धसास लावले, न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली, आणि १९५८च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला.

आमच्याकडे अर्थमंत्री पडण्याइतके मोठे प्रश्न निघत नाहीत. आमचे प्रश्न रस्त्याचे, पाण्याचे, गळक्या शाळेचे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि उत्तरांत एक नवे वाक्य आले, 'सदर बाब जिल्हा परिषदेच्या अखत्यारीतील आहे.' पण सतत विचारीत राहिल्याने काय होते त्याचेही उदाहरण आहे. विदर्भ-मराठवाड्याचे सभासद वर्षानुवर्षे विचारीत राहिले की कराराप्रमाणे आमच्या वाट्याचा खर्च होतो आहे काय? शेवटी १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९८४ साली तिने हिशेब मांडला. साऱ्या राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा, त्यांत एकट्या विदर्भाचा सुमारे १,२४६ कोटी. 'अनुशेष' हा जड संस्कृत शब्द त्यानंतर आमच्या पारावरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडीही बसला. १९९४ साली विकास मंडळे झाली, २०२० साली त्यांची मुदत संपली. अनुशेष भरला की नाही यावर अजून वाद आहे. पण वाद घालायला आकडा हाती आला, हे विचारण्याचे फळ.

*

आता ते जुने पान.

रोहिणखेडला येण्यापूर्वी मी याच डोंगराच्या कुशीतल्या एका लहान गावी होतो. गावाचे नाव सांगत नाही. शाळेच्या चार खोल्या, वर कौले, आणि पावसाळ्यात चारही खोल्यांत पाणी. अर्ज होऊन गेले होते. गावात आबाजी म्हणून एक वृद्ध गृहस्थ होते. स्वतः शाळेची पायरी चढलेले नव्हते, पण नातू पहिलीत होता. एका लग्नात आमदार आले असता आबाजींनी त्यांना मांडवातच गाठले आणि शाळेचे सांगितले. ते म्हणाले, "लिहून द्या."

आबाजी रात्री माझ्याकडे आले. "गुर्जी, तुमी लिहा. इचारल्याबिगर सरकारले कसं मालूम पडीन?"

मी लिहिले. खोल्या चार, चारही गळतात, वासे कुजलेले, मुले इतकी. मी नोकर माणूस म्हणून सही केली नाही. आबाजींनी अंगठा उठवला. काही महिन्यांनी कळले, प्रश्न स्वीकारला गेला. अमुक गावच्या शाळेची इमारत मोडकळीस आली आहे, हे खरे आहे काय. असल्यास, दुरुस्तीसाठी कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय? माझ्या आयुष्यातला तो मोठ्या आनंदाचा दिवस होता.

पण प्रश्न जसा खालून वर जातो, तसे उत्तर वरून खाली माहिती मागत येते, हे मला ठाऊक नव्हते. मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला आणि तालुक्यातून थेट माझ्या टेबलावर तो कागद आला. 'गळणाऱ्या खोल्यांची संख्या कळवावी, आज सायंकाळपर्यंत.' ज्याने प्रश्न लिहिला त्यालाच उत्तर लिहायचे होते! यापेक्षा सोपी परीक्षा देवाने कोणाची घेतली असेल?

तेवढ्यात एका वरिष्ठांचा निरोप आला. बोलणे गोड होते. "गुरुजी, चारही लिहाल तर आजवर मुले बसवली कशी, हे तुमच्यावरच उलटेल. दोन लिहा. दोनांची दुरुस्ती तरी होईल. शहाण्याला जास्त काय सांगायचे?" माझी बदली व्हायची होती. घरी आई आजारी होती. मी शहाणा झालो. मी लिहिले, 'दोन'.

छापील उत्तर आले. 'हे अंशतः खरे आहे.' दोन खोल्यांची दुरुस्ती मंजूर झाली आणि खरोखरच झाली. त्यात कोणी पैसे खाल्ले नाहीत, पत्रे नवे बसले. बाकीच्या दोन खोल्यांतली पहिली-दुसरीची मुले पुढचे दोन पावसाळे मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर बसली. पाऊस आडवा आला की ती पाट्या डोक्यावर धरीत. त्यांत आबाजींचा नातू होता. आबाजींनी मला कधी काही विचारले नाही. एकदाच, ओसरीकडे पाहत म्हणाले, "दोन तं झाल्या, गुर्जी." त्यांना सारे कळले होते की काहीच कळले नव्हते, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही. आता ते नाहीत.

गणेश व्यंकटेश जोशीही सरकारी नोकरच होते. त्यांच्याही घरी अडचणी असतील. पण त्यांनी आकडा बदलला नाही. आकड्यावर आपले नाव नसले तरी चालते, आकडा मात्र खरा हवा, हे त्यांना ठाऊक होते. भिनग्याच्या राजापासून बोल्यांपर्यंत जी माणसे सभागृहात उभी राहिली, त्यांच्या प्रश्नाचे बळ शेवटी कुठल्या तरी गावच्या तलाठ्याच्या, ओव्हरसीयरच्या, मास्तराच्या एका खऱ्या ओळीवर उभे असते. मंत्री उत्तर वाचून दाखवतात. लिहितो आपल्यातलाच कोणी.

२००५ सालापासून माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. आज कोणीही साधा माणूस अर्ज करून विचारू शकतो, जे विचारायला एके काळी कौन्सिलचा सभासद व्हावे लागे. ग्रामसभेत तर समोरासमोर विचारता येते. माझ्या वर्गात दर शनिवारी शेवटचा तास आम्ही प्रश्नाचा ठेवला आहे. मुले कागदावर लिहितात, 'हे खरे आहे काय?' आणि मी उत्तर देतो. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणतो. 'अंशतः' हा शब्द मात्र त्या तासाला मी वापरत नाही.

गेल्या वर्षी कामानिमित्त त्या जुन्या गावावरून गेलो. शाळा आता पक्की झाली आहे, चारही खोल्यांवर सिमेंटचे छत आहे. ओसरीवर कोणी बसत नाही. मी उतरलो नाही, एस.टी. पुढे निघाली.

दिवाळीत जुने हिशेब पुरे करून नवी वही घालायची रीत आहे. म्हणून एवढे लिहून माझे उशिरा राहिलेले उत्तर पुरे करतो. त्या साली त्या गावच्या शाळेच्या चारही खोल्या गळत होत्या, हे खरे आहे काय?

होय. हे खरे आहे.